पेपर अ‍ॅक्सेप्ट झाला, आता तिकिटाचे पैसे कुठून आणायचे?

पेपर अ‍ॅक्सेप्ट झाल्याचा मेल आला की पहिली दहा मिनिटं लॅबमध्ये नुसता दंगा असतो, कोणीतरी खाली जाऊन समोसे आणतं, आणि समोसा तोंडात असतानाच कोणीतरी विचारतं, अरे पण आहे कुठे ही कॉन्फरन्स? माझ्या वेळी उत्तर होतं कोपनहेगन. पीएलडीआय २०२४, म्हणजे प्रोग्रामिंग लँग्वेजेसमधली एक मोठी कॉन्फरन्स, जूनचा शेवटचा आठवडा. तिथेच लॅपटॉपवर मुंबई-कोपनहेगन तिकीट उघडलं, मग राहायचे रेट उघडले, आणि दंगा आपोआप शांत झाला.

आता दर वर्षी ज्युनियर मुलं तेच प्रश्न घेऊन येतात आणि मी तीच व्हॉइस नोट पाठवतो, त्याचा कंटाळा आलाय म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. मी प्रोग्रामिंग लँग्वेजेसवाला आहे त्यामुळे उदाहरणं तिकडची जास्त येतील, पण मशीन लर्निंगवाले, सिस्टिम्सवाले, एचसीआयवाले (माणूस आणि कॉम्प्युटर यांच्यातल्या देवाणघेवाणीवर काम करणारे), सगळ्यांचं गणित साधारण हेच. आणि हा त्रास कॉम्प्युटर सायन्सवाल्यांनाच जास्त, कारण आपल्याकडे कॉन्फरन्स पेपरलाच जर्नलचा मान. केमिस्ट्रीवाला रूममेट पेपर जर्नलला टाकून निवांत झोपतो, आपल्याला सात समुद्र ओलांडून जाऊन वीस मिनिटं बोलावं लागतं.

तर आधी माझा खर्च सांगतो, म्हणजे अंदाज येईल. तिकीट ७२ हजार, स्टुडंट रजिस्ट्रेशन ३८ हजार, बंक बेडवाल्या हॉस्टेलात सहा रात्री ४१ हजार (हो, बंक बेडचे), व्हिसा आणि इन्शुरन्स मिळून साडेअकरा, जेवण आणि मेट्रो १८ हजार. टोटल १ लाख ८० हजार ५००. आणि माझा स्टायपेंड, सीनियर रिसर्च फेलोचा, महिना ४२ हजार, ज्युनियरला ३७. म्हणजे चार महिन्यांचा पगार विमानात. तरी शेवटी माझ्या खिशातून गेलं ते फक्त जेवणाखाण्याचं, बाकी सगळं निघालं. पण निघालं ते तीन ठिकाणांहून आणि बहुतेक परत आल्यावर. एकच कोणीतरी दाता सापडेल आणि तो आधीच चेक देईल अशी वाट बघत बसलात तर जाणं होणार नाही. तुकडे जुळवायचे असतात, आणि तुकडे हातात येईपर्यंत मधले दोन-तीन महिने काढायचे असतात, खरी मेख तिथे आहे.

सुरुवात कधी करायची? पेपर सबमिट केला त्याच आठवड्यात. लोक हसतात, म्हणतात रिजेक्ट झाला तर? झाला तर झाला, तुमचा एक तास गेला. पण त्या एका तासात एवढं करून ठेवा: पासपोर्ट बघा (शेंगेनसाठी, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसासाठी, परत निघायच्या तारखेनंतर निदान तीन महिने व्हॅलिड लागतो आणि तो दहा वर्षांच्या आत काढलेला लागतो), आपल्या संस्थेचा ट्रॅव्हलचा नियम अकॅडमिक सेक्शनमधून मागून घ्या, आणि एक शीट बनवून त्यात जिथे जिथे अर्ज करता येईल त्यांच्या तारखा टाका. कारण कॉन्फरन्सच्या ट्रॅव्हल ग्रँटची डेडलाइन बहुतेक वेळा निकाल लागल्यावर थोड्याच आठवड्यांत असते आणि तोवर आपण कॅमेरा-रेडी, म्हणजे छापायला द्यायच्या शेवटच्या कॉपीच्या मार्जिनशी मारामारी करत असतो. डेडलाइनपुढे एओई लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ पृथ्वीवर कुठेही ती तारीख शिल्लक आहे तोपर्यंत, म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेपाचपर्यंत. याच्यामुळे मी एकदा बचावलोय. सवय लावून घेऊ नका.

आता पैसे कुठे कुठे असतात ते.

पहिलं घर म्हणजे आपलंच. आयआयटी, आयआयएससी, आयसर वगैरे ठिकाणी पीएचडी विद्यार्थ्याला परदेशी कॉन्फरन्ससाठी काही ना काही तरतूद असते, कुठे पूर्ण पीएचडीत एकदाच, कुठे ठरावीक रकमेपर्यंत. एकदाच असेल तर नीट विचार करा. दुसऱ्या वर्षी एखाद्या छोट्या वर्कशॉपला ती संधी उडवली आणि चौथ्या वर्षी मोठ्या कॉन्फरन्सला पेपर लागला की कपाळाला हात लावायची वेळ येते, आमच्या एका सीनियरची आलेली. पीएमआरएफवाले (पंतप्रधान रिसर्च फेलोशिप मिळालेले) असाल तर तुमची मजा आहे, फेलोशिपशिवाय वर्षाला २ लाखांची रिसर्च ग्रँट वेगळी असते, त्यातून प्रवास बसतो. बाकीच्यांनी गाईडच्या प्रोजेक्टमध्ये ट्रॅव्हल हेड, म्हणजे प्रवासासाठी वेगळे ठेवलेले पैसे, आहे का ते विचारावं. सरळ विचारा. सरांना पैशाचं कसं विचारायचं म्हणून मुलं महिनाभर लाजत बसतात आणि मार्चअखेर तो हेड लॅप्स होऊन जातो.

राज्य विद्यापीठात किंवा खाजगी कॉलेजात पीएचडी करणाऱ्यांना घरचा आधार फार कमी असतो, त्यांनी पुढचं जास्त लक्ष देऊन वाचा.

सरकारी दार म्हणजे आधी सर्ब होतं, संशोधनाला पैसे देणारं केंद्राचं बोर्ड, आता ते एएनआरएफमध्ये (अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन) विलीन झालंय, नवा कायदा २०२३ चा आणि अंमलात आला फेब्रुवारी २०२४ मध्ये. सर्बची इंटरनॅशनल ट्रॅव्हल सपोर्ट ही जुनी योजना, ३५ वर्षांखालच्यांना त्यात जवळच्या मार्गाचं इकॉनॉमी तिकीट, रजिस्ट्रेशन आणि व्हिसा फी असं मिळायचं, राहणं-खाणं आपलं आपण. जुन्या सीनियरची पीडीएफ बघून फॉर्म भरू नका, एएनआरएफच्या पोर्टलवर आत्ता काय लिहिलंय ते वाचा, कारण ऑफिसचं नाव बदललं की नमुनेही बदलतात.

मग एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस यांची मिळून ट्रॅव्हल ग्रँट आहे. एसीएम म्हणजे कॉम्प्युटर सायन्सवाल्यांची जागतिक संघटना. आयएआरसीएस म्हणजे तीच संस्था जी दर डिसेंबरला एफएसटीटीसीएस ही थिअरीवाल्यांची कॉन्फरन्स भरवते. चांगल्या दर्जाच्या कॉन्फरन्समध्ये पेपर असलेल्या भारतातल्या विद्यार्थ्यांसाठी ही ग्रँट आहे आणि माझ्या मते आपल्या लोकांनी सगळ्यात आधी बघायची ही जागा, कारण अर्ज वाचणारे लोक आपल्याच क्षेत्रातले असतात, पीएलडीआय म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. सरकारी फॉर्ममध्ये मला कॉन्फरन्सचा इम्पॅक्ट फॅक्टर विचारला होता, तो आकडा असतो जर्नलचा, काय लिहिणार, डोंबल? शेवटी वेगळ्या कागदावर लिहून दिलं की या विषयात कॉन्फरन्सच मुख्य असते, किती पेपर येतात, किती घेतात. तो कागद करून ठेवा, पुढे दहा ठिकाणी लागतो.

चौथी जागा म्हणजे ज्या सिगच्या छत्राखाली कॉन्फरन्स होते ती सिग, म्हणजे एसीएमचा त्या-त्या विषयाचा गट. इथे भारतातले विद्यार्थी अर्जच करत नाहीत, आपल्याला कोण देणार म्हणून. अरे देतात! सिगप्लान या आमच्या प्रोग्रामिंग लँग्वेजेसच्या सिगची पॅक नावाची कमिटी आहे, पीएलडीआय, पॉपल, आयसीएफपी, स्प्लॅश या आमच्या चारही मोठ्या कॉन्फरन्सना जाणाऱ्या विद्यार्थ्यांना मदत करते, लहान मूल असेल तर सांभाळायच्या खर्चाचीही सोय आहे. सिगकाय या एचसीआयवाल्यांच्या सिगचे गॅरी मार्सडेन यांच्या नावाने ट्रॅव्हल अवॉर्ड आहेत, ते केपटाउनला प्रोफेसर होते, २०१३ मध्ये गेले, आणि हे अवॉर्ड ज्यांना दुसरीकडून पैसे मिळत नाहीत अशांसाठी आहेत म्हणजे आपल्यालाही चालतात. सिस्टिम्स आणि सिक्युरिटीवाल्यांना युझनिक्स या त्यांच्या कॉन्फरन्स भरवणाऱ्या संस्थेच्या स्टुडंट ग्रँट. मुलींसाठी एसीएम-डब्ल्यूची, म्हणजे एसीएमच्या महिला विभागाची, स्कॉलरशिप आहे आणि तिची खासियत म्हणजे पेपर नसला तरी चालतो, दुसऱ्या खंडात जायचं असेल तर १२०० डॉलरपर्यंत आणि त्याच खंडात असेल तर ६०० पर्यंत. आमच्या लॅबमधल्या दोघींना माहीतच नव्हती, एकीने भरली आणि तिला मिळाली.

पेपर नाही आणि तरी जायचंय? तर मेंटरिंग वर्कशॉप बघा. प्रोग्रामिंग लँग्वेजेसमध्ये पीएलएमडब्ल्यू असतं, पहिलं २०१२ मध्ये पॉपलबरोबर झालं, आता चारही मोठ्या कॉन्फरन्सबरोबर होतं आणि त्यात नवख्या विद्यार्थ्यांनाच स्कॉलरशिप देऊन बोलावतात. किंवा एसीएमची स्टुडंट रिसर्च कॉम्पिटिशन, छोटा अ‍ॅबस्ट्रॅक्ट आणि पोस्टर, निवड झाली तर ५०० डॉलरपर्यंत प्रवासाचे देतात. ५०० मध्ये युरोपचं तिकीट येत नाही, पण तुकडा म्हणून वाईट नाही. आणि स्टुडंट व्हॉलंटियर. सीएचआय (उच्चार ‘काय’) या सिगकायच्या मोठ्या कॉन्फरन्समध्ये साधारण २० तास काम करायचं, बॅज तपासा, माइक फिरवा, दारात उभे राहून लोकांना हॉल दाखवा, बदल्यात रजिस्ट्रेशन माफ. तिथे नंबर लॉटरीने लागतो त्यामुळे सीजीपीए-बिजीपीएचा संबंध नाही. मोठ्या कॉन्फरन्सचं रजिस्ट्रेशन बघता २० तासांना हा रेट कुठेच मिळत नाही.

रजिस्ट्रेशनवरून आठवलं, एक खड्डा आहे त्यात बरेच जण पडतात. पुष्कळ कॉन्फरन्सचा नियम असतो की प्रत्येक पेपरमागे एक तरी ऑथर रजिस्ट्रेशन हवं, आणि काही ठिकाणी, आयट्रिपलई या इंजिनिअर लोकांच्या संघटनेच्या कॉन्फरन्समध्ये तर खूपदा, ते स्टुडंट रेटने चालत नाही, पूर्ण रेटच भरावा लागतो. तुम्ही बजेटमध्ये स्टुडंट रेट धरता, ग्रँट तेवढीच मंजूर होते, आणि मग कळतं. बजेट करायच्या आधी ऑथर इन्फर्मेशनचं पान शेवटपर्यंत वाचा.

अर्जात काय लिहायचं? लोक लिहितात की या कॉन्फरन्सने माझं ज्ञान वाढेल, नामवंत संशोधकांना भेटता येईल, देशाचं नाव होईल. वाचणाऱ्याने त्या दिवशी असे ऐंशी अर्ज वाचलेत हो. मी दुसऱ्यांदा लिहिताना असं लिहिलं: माझा टॉक अमुक दिवशी अमुक सेशनमध्ये आहे, आमचं टूल ज्या कंपायलरवर चालतं त्याचे मेंटेनर त्याच आठवड्यात तिथे वर्कशॉप घेतायत आणि मला त्यांना दोन बग प्रत्यक्ष दाखवायचेत, माझी संस्था तिकीट आणि व्हिसा देते, रजिस्ट्रेशन आणि राहण्याचे ७९ हजार कमी पडतायत, तेवढेच मागतोय. बस. पाच-सहा ओळी. आकडा गोल करून १ लाख लिहू नका, ७९ हजार लिहिलं की माणसाने हिशोब केलाय हे दिसतं. आणि दुसरीकडे कुठे अर्ज केलाय तेही लिहा. लपवलं तर कधी ना कधी उघडं पडतं, कारण या क्षेत्रात सगळे सगळ्यांना ओळखतात. दोन ठिकाणी अर्ज करण्यात काहीच गैर नाही. एकाच बिलावर दोन ठिकाणी पैसे घेणं मात्र गैर आहे. म्हणून आधीपासून वाटणी अशी करायची की तिकीट याच्याकडे, रजिस्ट्रेशन त्याच्याकडे, राहणं तिसऱ्याकडे. अर्धं तिकीट इथून अर्धं तिथून असं केलंत तर ओरिजिनल बिल कोणाला द्यायचं यावरूनच महिना जातो.

गाईडचं पत्र लागतं. मसुदा तुम्हीच लिहून द्या, मॅडमना सही करायला सोपं असलं पाहिजे. डेडलाइनच्या आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅप करू नका.

मंजुरीचा मेल आला की परत समोसे, आणि परत शांतता, कारण मेलमध्ये खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं रिइम्बर्समेंट. आधी तुम्ही भरा, आल्यावर बिलं द्या, मग आम्ही बघतो. १ लाख ६० हजार आधी कुठून भरणार? इथे तीन-चार वाटा आहेत. एक, संस्थेकडे ट्रॅव्हल अ‍ॅडव्हान्स मागा, नियमात बहुतेक ठिकाणी असतो, फक्त कोणी स्वतःहून सांगत नाही, आणि अर्ज पुरेसा आधी द्यावा लागतो. दोन, कॉन्फरन्सच्या ट्रॅव्हल चेअरला मेल करून नम्रपणे विचारा की रजिस्ट्रेशन परत देण्याऐवजी माफीचा कोड देता येईल का, राहायची खोली तुमच्याच नावावर बुक होईल का. मी विचारलं, कोड मिळाला, ३८ हजार खिशातून जायचेच वाचले. एका मेलची किंमत. तीन, गाईडच्या प्रोजेक्टमधून तिकीट थेट एजंटकडून काढा.

चार म्हणजे आमच्या लॅबची भिशी. सहा जण, महिना हजार रुपये, एका शीटवर हिशोब. ज्याचा पेपर लागेल त्याने उचलायचे, बिनव्याजी, क्लेम आला की त्याच दिवशी परत टाकायचे. दोन वर्षांत चार जण या पैशावर बाहेर जाऊन आले आणि एक रुपया बुडाला नाही. क्रेडिट कार्डवर सगळं टाकायचा मोह होतो पण बाहेरच्या चलनाचा मार्कअप बऱ्याच कार्डांवर साडेतीन टक्क्यांपर्यंत असतो, वर क्लेम यायला तीन महिने आणि कार्डाचं व्याज दर महिन्याचं. नकोच.

तिकिटाचं मात्र जपून. केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या बऱ्याच संस्थांमध्ये तिकीट ठरलेल्या तीन ठिकाणांहूनच काढावं लागतं, बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स नाहीतर आयआरसीटीसी, २०२२ च्या सर्क्युलरप्रमाणे. तुम्ही हुशारीने कुठल्यातरी अ‍ॅपवर चार हजार वाचवून तिकीट काढाल आणि अकाउंट्सवाले ते अख्खं तिकीट नामंजूर करतील. आधी विचारा, लेखी विचारा, मग काढा.

व्हिसा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, मी भरला तेव्हा फी ८० युरो होती, जून २०२४ पासून ९० झालीये. इन्शुरन्स किमान ३० हजार युरोचा लागतो. ग्रँटचं पत्र, गाईडचं पत्र, कॉन्फरन्सचं इन्व्हिटेशन, तिन्हींत तारखा आणि नावाचं स्पेलिंग एकच हवं. पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये आहे आणि पेपरवर नाही, हा मराठी माणसाचा कायमचा घोळ, रजिस्ट्रेशन करताना पासपोर्टवरचंच नाव टाका. कोपनहेगन महाग म्हणून काही जण पुलापलीकडे स्वीडनमध्ये माल्मोला राहतात, रेल्वेने जेमतेम चाळीस मिनिटं, पण मग व्हिसा डेन्मार्कचा आणि सगळ्या रात्री स्वीडनमध्ये असा कागद दिसतो आणि काउंटरवर समजावत बसावं लागतं. मी त्या भानगडीत पडलो नाही.

अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या मंडळींसाठी थोडंसं वेगळं. तिथल्या पुष्कळ कॉन्फरन्सना एनएसएफ या संशोधनाला पैसे देणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेचे विद्यार्थ्यांसाठी पैसे असतात, त्यात पासपोर्ट कुठला हे सहसा बघत नाहीत, युनिव्हर्सिटी अमेरिकेतली आहे का ते बघतात. म्हणजे भारतात बसून तो फॉर्म भरण्यात अर्थ नाही पण पर्ड्यूला बसून नक्की भरा. मात्र एनएसएफच्या पैशावर फ्लाय अमेरिका नियम लागतो, विमान अमेरिकन कंपनीचं किंवा निदान तिच्या कोडशेअर नंबरचं (विमान दुसऱ्याचं, फ्लाइट नंबर तिचा) पाहिजे. युरोपियन कंपन्यांना काही सवलत आहे, आखाती कंपनीचं स्वस्त तिकीट काढलंत तर पैसे विसरा. आणि बाहेर जायच्या आधी आय-२० (युनिव्हर्सिटी देते तो स्टुडंट व्हिसाचा कागद) वरची ट्रॅव्हलची सही एक वर्षाच्या आतली आहे का आणि व्हिसा स्टँप जिवंत आहे का हे बघा, नाहीतर कॉन्फरन्स तीन दिवसांची आणि स्टँपिंगसाठी अडकलात तीन महिने.

आता बिलं, जिथे मी स्वतः आपटलो. हॉस्टेलचं बुकिंग माझं आणि लॅबमेटचं एकत्र, त्याच्या कार्डवर, त्यामुळे इन्व्हॉइस त्याच्या नावावर. मी त्याला यूपीआयने माझा वाटा दिलेला. क्लेम परत आला. मग हॉस्टेलला मेल, त्यांनी दोन नावांनी दोन इन्व्हॉइस करून दिली, वर लॅबमेटचं सहीचं पत्र, वर यूपीआयचा स्क्रीनशॉट, असं करत सात आठवडे गेले. चेक-आउटच्या वेळी काउंटरवर सांगितलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. दुसरं, येतानाचा बोर्डिंग पास मी सीटच्या खिशात विसरलो, एअरलाइनकडून प्रवास केल्याचं सर्टिफिकेट मागवावं लागलं. तेव्हापासून मोबाइलवरच्या पासचाही लगेच स्क्रीनशॉट काढतो आणि स्वतःलाच मेल करतो.

थर्मल कागदाची बिलं महिन्यात कोरी होतात, त्याच दिवशी फोटो काढा. डॅनिशमध्ये लिहिलेल्या बिलावर पेनाने जेवण, मेट्रो असं लिहून ठेवा, अकाउंट्समधल्या काकांना डॅनिश येत नाही. बीअर वेगळ्या बिलावर घ्या, त्या एका ओळीपायी अख्खं जेवणाचं बिल परत येतं. अटेंडन्स सर्टिफिकेट शेवटच्या दिवशी दुपारच्या आत रजिस्ट्रेशन डेस्कवरून घ्या, संध्याकाळी तिथे टेबलसुद्धा नसतं. रुपयात क्लेम करताना कार्डाचं स्टेटमेंट जोडा, त्यात दिसतो तोच रेट धरतात.

आणि बाहेरच्या संस्थेकडून डॉलर येणार असतील तर आधी आपल्या ब्रँचमध्ये जाऊन स्विफ्ट कोड, म्हणजे परदेशातून पैसे यायला लागणारा बँकेचा कोड, विचारून या. छोट्या ब्रँचला स्वतःचा नसतो, मेन ब्रँचचा द्यावा लागतो. खात्यावरचं नाव फॉर्ममधल्या नावाशी जुळलं पाहिजे. पैसे आले की बँकेतून फोन येतो, हे कशाचे पैसे, पर्पज कोड (पैसे कशासाठी आले त्याचा कोड) सांगा. माझ्या वेळी मी फोनवर नुसतं कॉन्फरन्सचे म्हणालो तर त्या मॅडमनी विचारलं, कसली एक्स्पोर्ट-बिक्स्पोर्ट आहे का? अवॉर्डचं पत्र प्रिंट करून घेऊन गेलो, प्रवासखर्चाची परतफेड असं लिहून दिलं, चौथ्या दिवशी पैसे जमा झाले आणि त्याच संध्याकाळी भिशीत परत टाकले.